मुंबईतील चौपाट्या

मुंबईतील चौपाट्या म्हणजे मुंबई शहर व मुंबई उपनगर या दोन जिल्ह्यांच्या अरबी समुद्राकडील बाजूस असलेले, सर्वांसाठी खुले असे वाळूचे किनारे होत. दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना गिरगाव, दादर, माहीम, जुहू, वर्सोवा, एरंगळ, आक्सा, मार्वे, मनोरी आणि गोराई हे त्यांतील ठळक किनारे लागतात. यांवर प्रवेशशुल्क नाही. बागा आणि मैदाने अपुरी असलेल्या या महानगरात लाखो रहिवाशांना मोकळे आकाश व क्षितिज विनामूल्य मिळण्याची हीच मुख्य ठिकाणे आहेत. मात्र येथे येणारे बहुसंख्य लोक पोहण्यासाठी येत नाहीत. वाळूवर बसणे, सूर्यास्त पाहणे, भेळ खाणे आणि फार तर घोट्याइतक्या पाण्यात उभे राहणे, हा चौपाटीवर जाण्याचा रूढ अर्थ आहे. समुद्राची ओळख अशी वरवरची राहत असल्यामुळे भरती-ओहोटीचे अज्ञान हे येथील अपघातांचे एक महत्त्वाचे कारण ठरते.

नाव

‘चौपाटी’ हे मुळात गिरगावच्या किनाऱ्याचे विशेषनाम. चार पाटी, म्हणजे चार प्रवाह किंवा खाड्या, अशी त्याची व्युत्पत्ती सांगितली जाते. पालघर जिल्ह्यातील सातपाटी या गावाच्या नावाशीही त्याची तुलना केली जाते. पुढे हे नाव सामान्यनाम झाले आणि दादर, जुहू येथील किनाऱ्यांनाही लावले जाऊ लागले. किनाऱ्यावरील खाद्यपदार्थांच्या गाड्यांशी ते इतके जोडले गेले की समुद्रापासून दूर असलेल्या पुण्यातही सारसबागेजवळील खाऊगाड्यांच्या जागेला चौपाटी म्हणतात. मुंबईतील मच्छिमार मात्र आपल्या गावापुढील वाळूला सहसा चौपाटी म्हणत नाहीत. त्यांच्या लेखी तो होड्या ओढण्याचा, जाळी विणण्याचा आणि मासळी सुकवण्याचा किनारा असतो.

किनाऱ्याचे स्वरूप

मुंबईचा पश्चिम किनारा सलग वाळूचा नाही. बेसाल्ट खडकाची टोके समुद्रात शिरलेली आहेत आणि दोन टोकांमधील वळणांवर वाळू साचलेली आहे. मलबार हिल, वरळी, वांद्रे आणि मढ ही अशी टोके आहेत. त्यामुळे वांद्र्याचे बँडस्टँड किंवा हाजी अलीचा परिसर समुद्राकाठी असूनही तेथे वाळू नव्हे, तर शेवाळलेले खडक आढळतात. मरीन ड्राइव्ह हीदेखील चौपाटी नसून भराव घातलेल्या जमिनीची समुद्रभिंत आहे. तिच्या उत्तर टोकाला गिरगाव चौपाटी लागते.

जुहू हे पूर्वी साष्टी बेटाच्या पश्चिमेस असलेले वाळूचे एक अरुंद बेट होते. मधली खाजणे बुजत गेल्यावर ते उपनगराला जोडले गेले. याच सपाट भूमीवर १९२८ मध्ये विमानतळ सुरू झाला आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन निघालेले विमान अहमदाबादमार्गे येथे उतरवले.

दादर व माहीमच्या किनाऱ्याची झीज गेल्या काही दशकांत डोळ्यांना दिसण्याइतकी झाली आहे. काही भागांत भरतीच्या वेळी बसण्यापुरतीही वाळू उरत नाही व पाणी थेट भिंतीला लागते. झीज होण्यामागे एकच कारण दाखवता येत नाही. भराव, समुद्रात बांधलेल्या भिंती आणि खाड्यांच्या मुखांतील बदल यांमुळे वाळूची ने-आण करणारे प्रवाह बदलतात. एका ठिकाणी अडलेली वाळू दुसऱ्या ठिकाणी कमी पडते.

इतिहास

गिरगाव चौपाटी ही विसाव्या शतकातील मुंबईची सर्वांत मोठी उघडी सभागृह होती, असे म्हणता येईल. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचे सरदारगृहात निधन झाले आणि त्याच दिवशी प्रचंड जनसमुदायाच्या उपस्थितीत या वाळूवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार करण्यात आले. ही नेहमीची स्मशानभूमी नव्हती. त्या जागी १९३३ मध्ये टिळकांचा पुतळा उभारण्यात आला. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात विलेपार्ले येथे सत्याग्रहींची छावणी होती, त्यामुळे उपनगराचा किनाराही चळवळीशी जोडला गेला. महात्मा गांधी १९२४ मध्ये शस्त्रक्रियेनंतर आणि १९४४ मध्ये कारावासातून सुटल्यावर विश्रांतीसाठी जुहू येथे राहिले होते.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत २० नोव्हेंबर १९५५ रोजी मोरारजी देसाई व स. का. पाटील यांची गिरगाव चौपाटीवरील सभा संतप्त श्रोत्यांनी उधळून लावली. दुसऱ्याच दिवशी फ्लोरा फाउंटन येथे मोर्चावर गोळीबार झाला. त्यानंतरच्या वर्षी दादरच्या किनाऱ्याला वेगळेच महत्त्व प्राप्त झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पार्थिवावर ७ डिसेंबर १९५६ रोजी येथे अंत्यसंस्कार झाले. त्या स्थळी उभारलेल्या चैत्यभूमीवर दरवर्षी ६ डिसेंबरला देशभरातून अनुयायी येतात. त्या दिवसांत दादर चौपाटी सहलीचे ठिकाण राहत नाही. वाळूच्या कडेने अभिवादनासाठी रांगा लागतात आणि शिवाजी पार्क परिसरात पुस्तकांची मोठी विक्री होते.

सार्वजनिक जागा म्हणून चौपाटीचा वापर कशासाठी व्हावा, हा प्रश्न पुढे न्यायालयांतही गेला. गिरगाव चौपाटीवरील कार्यक्रमांवर मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने निर्बंध आले. गणेश विसर्जनासारखे मोजके पारंपरिक प्रसंग त्यांतून वगळण्यात आले. २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहातील एका सोहळ्यास उच्च न्यायालयाने परवानगी नाकारली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती दिली. १४ फेब्रुवारी २०१६ रोजी त्या सोहळ्याच्या व्यासपीठाला आग लागली. जीवितहानी झाली नाही.

भरती-ओहोटी

मुंबईत दिवसाला साधारणपणे दोन भरत्या व दोन ओहोट्या येतात. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, म्हणून भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. पौर्णिमा व अमावास्येच्या आसपास भरती-ओहोटीतील फरक सर्वांत जास्त असतो. त्यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास तो सर्वांत कमी होतो. त्यास भांग म्हणतात. मुंबईत उधाणाच्या दिवशी हा फरक चार मीटरांहून अधिक होऊ शकतो, तर भांगाच्या दिवशी त्याच्या निम्म्याहूनही कमी असतो.

भरतीची वेळ काढण्याची एक जुनी रीत कोकण किनाऱ्यावर प्रचलित आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. षष्ठीला सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे पहाटे व दुपारी साडेचारच्या सुमारास भरती. अष्टमीला ती सहा वाजता आणि पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास येते. वद्य पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा मोजणी सुरू होते. हा हिशेब ढोबळ आहे आणि त्यात अर्ध्या-पाऊण तासाची, क्वचित अधिकही चूक राहू शकते. अचूक वेळांसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टके वापरतात. पंचांग किंवा दिनदर्शिका घरात असणाऱ्याला मात्र सहलीचा दिवस निवडण्यापुरती ही रीत पुरेशी पडते.

या हिशेबातून चौपाटीवरील एक विसंगती उलगडते. पौर्णिमा-अमावास्येला संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास, म्हणजे नेमक्या गर्दीच्या वेळी, ओहोटी असते. किनारा दूरवर उघडा पडतो आणि लोक एरवी पाण्याखाली असणाऱ्या वाळूवर व खडकांवर जातात. त्यानंतर येणारी भरती उधाणाची असते. पाणी सहा तासांत सारख्या गतीने चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाचा सुमारे बारावा भाग चढतो, मात्र मधल्या दोन तासांत मिळून जवळजवळ निम्मा चढ होतो. एकूण फरक चार मीटर असेल तर त्या दोन तासांत पाण्याची पातळी दोन मीटर वाढते. खडकावर बसलेल्या माणसाला आरंभीचा संथ चढ फसवतो, आणि परतीची वाट अनेकदा त्याच्या पाठीमागच्या सखल चरातून आधी बंद होते.

वर्तमानपत्रांतून पावसाळ्यात ‘साडेचार मीटर उंचीच्या लाटा उसळणार’ अशा बातम्या येतात. हा प्रयोग चुकीचा आहे. ४.५ किंवा ४.८ मीटर हा आकडा लाटेच्या उंचीचा नसून नकाशाच्या आधारपातळीपासून, म्हणजे अत्यंत नीचतम ओहोटीच्या जवळपासच्या पातळीपासून, मोजलेल्या पाण्याच्या पातळीचा असतो. लाटा त्या पातळीच्या वर येतात आणि त्यांची उंची वाऱ्यावर अवलंबून असते. म्हणूनच आकडा सारखाच असताना मार्चमधील भरती शांत असू शकते, तर जुलैमधील भरती समुद्रभिंत ओलांडते. या आकड्याचा खरा उपयोग निराळा आहे. ४.५ मीटरांवरील भरतीच्या वेळीच मुसळधार पाऊस पडला, तर पर्जन्यजलवाहिन्यांतील पाणी समुद्रात जाऊ शकत नाही व शहराचे सखल भाग तुंबतात.

पाण्यातील धोके

मालाडच्या पश्चिमेस असलेला आक्सा किनारा बुडण्याच्या घटनांसाठी कुप्रसिद्ध आहे. रुंद, उतरता आणि निर्धोक दिसणारा हा किनारा प्रत्यक्षात पाण्याखाली चर व खड्डे बाळगून असतो, आणि वाळू सरकत असल्यामुळे त्यांच्या जागा बदलतात. कमरेइतक्या पाण्यातून पुढे टाकलेले एक पाऊल डोक्यावर पाणी आणू शकते. लाटांनी किनाऱ्यावर लोटलेले पाणी अशाच चरांतून वेगाने परत समुद्रात जाते. या परतीच्या प्रवाहात सापडलेली व्यक्ती सरळ किनाऱ्याच्या दिशेने पोहू लागली तर थकून बुडते. प्रवाह अरुंद असल्याने किनाऱ्याला समांतर पोहत त्यातून बाजूला निघणे, आणि ते जमत नसल्यास तरंगत राहून हात वर करून मदत मागणे, हा त्यावरील उपाय आहे. बुडणाऱ्याला वाचवण्यासाठी सोबत्यांनी हात धरून केलेली मानवी साखळी अनेकदा बळींची संख्या वाढवते. दोरी, रिकामा कॅन किंवा तरंगणारी कोणतीही वस्तू फेकणे अधिक सुरक्षित असते. बळींमध्ये किशोरवयीन व तरुण मुलांचे प्रमाण मोठे आढळते. शहराच्या आतल्या भागांतून गटाने येणाऱ्या या मुलांपैकी अनेकांना पोहता येत नाही.

गिरगाव, दादर, जुहू, वर्सोवा, आक्सा आणि गोराई या सहा किनाऱ्यांवर महापालिकेच्या वतीने जीवरक्षक नेमले जातात. त्यांचे काम मुंबई अग्निशमन दलाच्या देखरेखीखाली चालते. इतर किनाऱ्यांवर मदत बहुधा जवळच्या कोळीवाड्यातून येते. संकटकाळी अग्निशमन दलाचा १०१ आणि महापालिकेच्या आपत्कालीन नियंत्रण कक्षाचा १९१६ हे क्रमांक उपयोगी पडतात. २०२२ च्या पावसाळ्यात महापालिकेने हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा असलेल्या दिवशी चौपाट्यांवर सकाळी ६ ते १० या वेळेतच प्रवेश देण्याचा निर्णय घेतला होता.

पावसाळ्यात वाऱ्याबरोबर ‘ब्ल्यू बॉटल’ नावाचे निळसर फुग्यासारखे जीव वाळूवर येतात. ते जेलीफिशसारखे दिसले तरी प्रत्यक्षात अनेक सूक्ष्म जीवांची एकत्र वसाहत असतात. त्यांचे लांब धागे मेल्यावरही दंश करू शकतात, त्यामुळे मुलांनी ते हाताळणे धोक्याचे असते. सप्टेंबर २०१३ मध्ये गणेश विसर्जनाच्या वेळी गिरगाव चौपाटीवर पाकट माशांनी अनेक भाविकांना दंश केला. पाकट उथळ पाण्यात वाळूखाली निजून असतो व पाय पडल्यावर शेपटीचा काटा मारतो. पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चालल्यास तो आधीच दूर जातो. दंशाची जागा सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवल्यास वेदना कमी होतात. काटा रुतून राहिल्याची शक्यता असल्याने रुग्णालयात जाणे आवश्यक असते.

विसर्जन व इतर उत्सव

अनंत चतुर्दशीला गिरगाव, दादर, जुहू व इतर किनाऱ्यांवर गणेशमूर्तींचे विसर्जन होते. वाळूत वाहने रुतू नयेत म्हणून पोलादी पत्रे अंथरले जातात, निर्माल्यासाठी कलश ठेवले जातात, आणि मोठ्या मूर्ती तराफ्यांवरून खोल पाण्यात नेल्या जातात. चतुर्दशी पौर्णिमेच्या लगत येत असल्याने हा दिवस नेहमीच उधाणाचा असतो, म्हणजे मध्यरात्रीपूर्वी व दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास मोठी भरती. संपूर्ण व्यवस्था या वेळांभोवती आखावी लागते. ७ सप्टेंबर २०२५ रोजी सकाळी गिरगाव चौपाटीवर पोहोचलेली लालबागच्या राजाची मूर्ती भरतीच्या पाण्यामुळे तराफ्यावर चढवता आली नाही. ओहोटीची वाट पाहावी लागली आणि विसर्जन रात्री पार पडले. त्या दिवशी पौर्णिमा होती, आणि वर दिलेल्या पाऊणपटीच्या रीतीनेही भरती सव्वाअकराच्या आसपासच येते.

प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती विरघळत नाहीत आणि दुसऱ्या दिवशीच्या ओहोटीत त्यांचे भग्न अवशेष वाळूवर दिसतात. यावर उपाय म्हणून कृत्रिम तलावांचा वापर वाढला आहे. जुहू येथे छठपूजेला मोठी गर्दी होते. नारळी पौर्णिमा हा कोळी समाजाचा सण. मासेमारीवरील बंदी सध्या १ जून ते ३१ जुलै अशी असली, तरी अनेक कोळीवाड्यांत समुद्राला नारळ अर्पण करूनच हंगाम सुरू झाल्याचे मानतात.

स्वच्छता व पाण्याची गुणवत्ता

नाले व खाड्यांतून येणाऱ्या सांडपाण्यामुळे मुंबईच्या किनाऱ्यावरील पाणी स्नानास योग्य राहिलेले नाही. समुद्रस्नानाच्या पाण्यात १०० मिलिलिटरमागे मलजन्य कोलिफॉर्म जिवाणूंचे प्रमाण १०० पर्यंत असावे, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. मुंबईच्या चौपाट्यांवर ते सातत्याने कितीतरी अधिक आढळते. पहिल्या मोठ्या पावसानंतर नाल्यांतील साचलेली घाण एकदम समुद्रात येत असल्याने ते दिवस विशेष टाळण्याजोगे असतात.

वर्सोवा येथे ऑक्टोबर २०१५ पासून वकील अफरोज शाह यांच्या पुढाकाराने नागरिकांनी दीर्घकाळ कचरा उचलला. २०१६ मध्ये शाह यांना संयुक्त राष्ट्रांचा ‘चॅम्पियन ऑफ द अर्थ’ पुरस्कार मिळाला, आणि मार्च २०१८ मध्ये याच किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्ले समुद्राकडे जाताना आढळली. असे असले तरी कचऱ्याचा उगम किनाऱ्यावर नसून बराचसा नाल्यांत आहे. त्यामुळे पावसाळ्यातील प्रत्येक उधाणानंतर वाळूवर प्लॅस्टिकचा थर पुन्हा येतो.

पावसाळ्यात जुहूच्या वाळूवर डांबरासारखे काळे गोळे येतात. समुद्रात सांडलेल्या किंवा जहाजांनी सोडलेल्या तेलाचे ते घट्ट अवशेष असतात. पायाला चिकटल्यास खोबरेल तेलाने निघतात. २०११ च्या पावसाळ्यात ‘विस्डम’ व ‘पवित’ ही दोन भरकटलेली जहाजे अनुक्रमे जूनमध्ये आणि जुलैच्या अखेरीस जुहूच्या वाळूत येऊन रुतली. ती पाहण्यासाठी झालेल्या गर्दीमुळे काही दिवस चौपाटीला जत्रेचे रूप आले होते.

किनाऱ्यावरील जीवसृष्टी

ओहोटीच्या वेळी वाळूवर दिसणारी बारीक गोळ्यांची नक्षी लहान खेकडे करतात. वाळूतील अन्नकण खाऊन उरलेली वाळू ते गोळ्यांच्या रूपात टाकतात. खडकाळ भागांतील डबक्यांत समुद्रफुले, शंखशिंपले, गोगलगायी आणि क्वचित लहान अष्टपादही आढळतात. २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या गटाने ओहोटीच्या वेळी अभ्याससहली आयोजित करून या जीवांच्या नोंदी केल्या आहेत. हिवाळ्यात कुरव पक्ष्यांचे थवे येतात. त्यांना शेव-गाठी टाकण्याची प्रथा लोकप्रिय असली तरी तळलेले खारट पदार्थ पक्ष्यांना अपायकारक असल्याने पक्षितज्ज्ञ तिला विरोध करतात.

खाद्यपदार्थ

भेळपुरी, शेवपुरी, पाणीपुरी, पावभाजी, बर्फाचा गोळा आणि कुल्फी हे चौपाटीचे ठरलेले पदार्थ. गिरगाव व जुहू येथे पूर्वी वाळूभर विखुरलेल्या गाड्या आता ठरावीक जागी ओळीने आहेत. दादरच्या किनाऱ्यावर त्या मानाने खाण्याची गजबज कमी असते.

पोहोचण्याचे मार्ग

गिरगाव चौपाटी पश्चिम रेल्वेच्या चर्नी रोड स्थानकापासून पायी अंतरावर आहे. दादर चौपाटीस दादर स्थानकाच्या पश्चिम बाजूने चालत जाता येते. जुहूसाठी विलेपार्ले, सांताक्रूझ किंवा अंधेरी येथून बस व रिक्षा मिळतात. आक्सा, एरंगळ व मढ येथे मालाड स्थानकाहून बेस्टच्या बसने जातात. वर्सोव्याहून मढला खाडी ओलांडणारी होडीही आहे, ती पावसाळ्यात हवामानानुसार बंद ठेवली जाते. मनोरीला मार्वेहून आणि गोराईला बोरिवलीच्या गोराई धक्क्यावरून होडी मिळते. भाईंदरहून उत्तनमार्गे रस्त्यानेही या दोन्ही गावांना पोहोचता येते. मढ, मनोरी, गोराई ही कोळी व ईस्ट इंडियन समाजाची राहती गावे आहेत. तेथील वाळूवर बांबूच्या मांडवांवर बोंबील सुकत असतात. त्यांमधून वाहने नेणे किंवा सुकत्या मासळीजवळ खेळणे यांवरून पर्यटक व ग्रामस्थ यांच्यात खटके उडतात. एरंगळ येथील सोळाव्या शतकातील संत बोनाव्हेंचर चर्चची जत्रा जानेवारीत भरते, आणि त्या रविवारी मढकडे जाणाऱ्या बसना नेहमीपेक्षा बराच अधिक वेळ लागतो.